चतुराबाईचा कागद

१

मंगळवारी सकाळी चतुराबाई कोळेकर मेंढ्यांना पाणी पाजायला गेली, तेव्हा तिच्या विहिरीच्या काठावर दुसऱ्याच कुणाचं इंजिन बसलेलं होतं. तिचा दीर सटवा पाइपासाठी चर खोदत होता. तिने विचारलं, तर मान वर न करता तो म्हणाला, "तूच लिव्हून दिलंस की, वहिनी."

तासाभरात अर्धा गाव तांबडवाडी सहकारी उपसा सिंचन संस्थेच्या गोदामात जमला. त्या साली सगळ्या विहिरींनी तळ दाखवला होता. एकट्या चतुराबाईच्या विहिरीत दीड परस खोल पाणी होतं आणि त्यावर तिच्या पस्तीस मेंढ्या आणि निम्म्या गावाच्या घागरी चालल्या होत्या. इंजिन लागलं तर पाणी चारच दिवस टिकलं असतं. मग मेंढ्या विकायच्या, आणि दुष्काळात विकायच्या म्हणजे खाटकाला द्यायच्या.

विमलबाईंना शाळेतून बोलावणं गेलं. विमलबाई मूळच्या आष्टीकडच्या. नऊ वर्षांपासून तांबडवाडीत मास्तरीण. सकाळी पोरांना शिकवायच्या आणि दिवेलागणीआधी बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायच्या. स्वभाव करडा. कुणी अर्धं वाक्य बोलून थांबलं, तर भातात खडा लागावा तसं त्यांचं तोंड व्हायचं.

"या, बाई," संस्थेचे चेअरमन सुंदरराव म्हणाले. गाव त्यांना अण्णा म्हणे. "तुमची विद्यार्थिनी म्हणते, हा कागद मी लिहिलाच न्हाई. अक्षर तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? तुमीच सांगा."

संस्थेचा सचिव राधाकिशन याने कागद पुढे धरला. हातात दिला नाही, धरला. वर संस्थेचं छापील नाव, खाली एकच वाक्य:

मी, चतुराबाई गहिनीनाथ कोळेकर, राहणार तांबडवाडी, माझ्या विहिरीचे पाणी राजीखुशीने देते.

त्याखाली 'चतुराबाई' अशी सही, नऊ मार्च ही तारीख, संस्थेचा शिक्का आणि साक्षीदार म्हणून सटवाचा अंगठा. तारीख आणि शिक्का राधाकिशनचा, हे त्याने आपणहूनच सांगितलं.

"कुणाला देते, ते यात नाही," विमलबाई म्हणाल्या.

"संस्थेच्या कागदावर लिव्हलं म्हंजी संस्थेलाच की," अण्णा म्हणाले. "अक्षर कुणाचं हाय, तेवढं बोला."

विमलबाईंनी पुन्हा पाहिलं. पोट फुगलेला 'च'. काठीसारखा ताठ काना. आणि ते तीन स्वल्पविराम, इतके दाबून दिलेले की कागद मागून उठला असावा. "इथं टेकायचं, एक श्वास घ्यायचा, मग पुढं," असं विमलबाईंनी वर्गात शिकवलं होतं आणि टेकायचं म्हणजे जोर लावायचा, असं चतुराबाईने धरलं होतं. असे स्वल्पविराम अख्ख्या तालुक्यात दुसरं कुणी देत नसेल.

त्या कागदात काहीतरी खटकत होतं. काय, ते मात्र सापडेना. गोदामातलं प्रत्येक माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत होतं, आणि विमलबाईंना खोटं बोलता येत नसे.

"अक्षर चतुराबाईचंच आहे," त्या म्हणाल्या.

चतुराबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती निघून गेली.

२

संध्याकाळी ती शाळेत आली ती वर्गाला नव्हे. पाटी, वही आणि पेन तिने टेबलावर ठेवलं.

"ह्ये तुमचं तुमाला, बाई. अंगठा व्हता तवर बरं व्हतं. माजा अंगठा कुनी चोरून न्हेला न्हवता."

विमलबाईंना हे लागलं. दोन वर्षांमागे याच बाईला घरातून वर्गात आणायला त्यांनी चार हेलपाटे घातले होते. गहिनीनाथ वारला होता, मूलबाळ नव्हतं, आणि चतुराबाई म्हणायची की मेंढरांना काय वाचून दाखवू.

"चतुराबाई, मला खरं सांग. तू हे लिहिलंस?"

"अक्षर माजंच दिसतंय. पर मी लिव्हलं न्हाई."

"हे दोन्ही कसं खरं असेल?"

"त्ये मला कावून इचारता? शिकलेल्या तुमी हायसा." ती दाराच्या चौकटीला टेकली. "रोज तुमी लिव्हा म्हनायच्या, आमी लिव्हायचो. कर्ता लिव्हा, क्रियापद लिव्हा, दम घ्यायच्या जागी टिंबाला शेपूट काढा. किती लिव्हलं त्याचा हिशेब हाय का? पर राधाकिशनच्या हापिसाची पायरी म्या चढले न्हाई. माज्या मेंढ्यांची आन."

मेंढ्यांची शपथ ती खोटी घेणार नाही, एवढं विमलबाईंना ठाऊक होतं.

"परवा, गुरुवारी, सहकार खात्याचे साहेब येणार आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांची सही झाल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. तोवर माझ्याकडे वेळ आहे."

"तुमी काय करनार? तुमीच तर सांगून बसला."

ती गेली. विमलबाईंनी टेबलावरची वही ओढून उघडली. ती वही म्हणजे टाचलेले सुटे कागद. दुष्काळात वह्यांना कुणाकडे पैसा नव्हता, म्हणून संस्थेने आपले जुने छापील कागद वर्गाला दिले होते. देताना राधाकिशनने फोटोसुद्धा काढून घेतला होता. प्रत्येक पानाच्या माथ्यावर संस्थेचं नाव होतं.

हे आपल्याला सकाळी गोदामात का सुचलं नाही, म्हणून विमलबाईंना स्वतःचीच चीड आली. पण नुसतं एवढं सांगून कुणी ऐकणार नव्हतं. तसले कागद निम्म्या गावात पुड्या बांधायलाही गेले होते.

३

बुधवारी शाळा सुटल्याबरोबर त्या चरावर गेल्या. सटवा कुदळ टाकून विडी ओढत बसला होता. त्यांना पाहून त्याने विडी विझवली.

"सटवा, साक्षीला अंगठा तुझा आहे. वहिनी लिहीत होती तेव्हा तू तिथं होतास?"

"व्हतो."

"कुठं बसली होती? खाली का खुर्चीवर?"

त्याने विझलेली विडी कानामागे खोचली. मग म्हणाला, "बाई, मला त्या भानगडीत घालू नका. इंजनवर डायवर म्हनून घेतो म्हनलेत मला."

"मी बसण्याचं विचारलं."

"मी गेलतो तवा कागद लिव्हूनच ठिवलेला व्हता. अंगठा लाव म्हनले, लावला. मला काय त्यातलं वाचाया येतंय?" त्याने कुदळ उचलली. "जानेवारीत तुमच्या वर्गाचं गठुडं तालुक्याला मीच पोचतं केलं बसनं. तवा तरी मला ठावं व्हतं का आत काय हाय? गठुडं द्या म्हनले, दिलं."

हा माणूस लोभी होता आणि घाबरलेलाही होता. पण हे शेवटचं बोलणं सरळ होतं. विमलबाई तिथून अण्णांकडे गेल्या.

सुंदरराव ओट्यावर बसून वाळलेल्या उसाचं वाढं, शेंड्याचा पाला, हातात चुरत होते. त्यांचा चार एकर ऊस डोळ्यांदेखत जळत होता, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"मला पानी पायजे, बाई. खोटं कशाला बोलू? दोनदा इचारलं चतुराबाईला, न्हाई म्हनली. मग एक दिवस सचिवानं कागद आनून दिला. मला वाटलं, इचार बदलला तिनं. मी कावून शंका काढू?"

"शंका काढायची तुम्हाला सोय नव्हती, अण्णा."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, रागावले नाहीत, आणि वाढं खाली टाकलं.

राधाकिशन ऑफिसात होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्याने चहा मागवला. त्याचं बोलणं दरवेळी मुद्देसूद असायचं, आणि विमलबाईंना ते एरवी आवडायचं.

"बाई, तुमच्या वर्गाचंच यश आहे हे. नऊ तारखेला दुपारी एकट्याच आल्या. इथं, या बाकावर बसल्या. म्हणाल्या, कागद द्या."

"मजकूर तुम्ही सांगितला?"

"एक अक्षर नाही."

"मग लिहिताना कुठं अडली असेल. तुम्ही पेन हातात घेतलं असेल, एखादा शब्द घालून दिला असेल."

"बाई, असं केलं तर कागद बाद होतो. मला कायदा कळतो. सही सोडा, अख्खं वाक्य त्यांनी स्वतः, एका दमात लिहिलं. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. उद्या साहेबांपुढे हेच सांगणार आहे."

"तेवढा कागद पुन्हा बघू द्या."

"बघा की." त्याने कपाट उघडलं आणि कागद धरला. आजही हातात दिला नाही.

कालचंच खटकणं पुन्हा जाणवलं. चहा निवत होता. विमलबाई निरोप घेऊन उठल्या तेव्हा त्यांना वाटलं, आपण हरलो.

४

त्या संध्याकाळी वर्गाला सहाच बायका आल्या. बाकीच्या आल्या नाहीत. विमलबाईंना शिकवायचा उत्साह नव्हता. त्या म्हणाल्या, "आज फक्त आपलं पूर्ण नाव, गाव लिहा. स्वल्पविराम नीट द्या."

बायका वाकून लिहू लागल्या. गीताबाईने 'मी' लिहिलं, स्वल्पविराम दिला, 'गीताबाई' लिहिलं, बोटभर जागा सोडून आडनाव लिहिलं आणि पाटी शेजारणीकडे सरकवली. शेजारणीने मधल्या जागेत दोन-तीन अक्षरं घातली आणि आपली पाटी गीताबाईकडे दिली. रोज हेच चालायचं. इतक्या सवयीचं झालं होतं की विमलबाईंना ते दिसेनासंच झालं होतं.

आज दिसलं.

त्या उठल्या. कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडून त्यांनी साखराबाईची जुनी वही काढली. साखराबाई म्हणजे चतुराबाईची जोडीदारीण. ती आधी वरची रेघ ओढायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावे तशी एकेक अक्षर खाली लटकवायची. निम्मी अक्षरं रेघेला टेकतच नसत. विमलबाईंनी तिला हजारदा टोकलं होतं.

पेटीच्या तळाशी तालुक्याहून आलेलं पोचेचं कार्ड होतं. ते त्यांनी कंदिलाजवळ नेऊन वाचलं आणि खुर्चीत बसल्या.

"काय झालं, बाई?" गीताबाईने विचारलं.

"उद्या सगळ्याजणी गोदामात या. आणि चतुराबाईला ओढून आणावं लागलं तरी आणा."

५

गुरुवारी साहेब आले. त्यांचं नाव अर्जुनराव, घामाने ओले, घाईत. राधाकिशनने त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि आदल्या दिवशीचीच हकिकत सांगितली. दुपार, बाक, एका दमात लिहिलेलं अख्खं वाक्य, दुसऱ्या कुणाचा हात नाही. सुंदरराव शेजारी मांडी घालून बसले होते. सटवा दाराशी उभा होता. बायका एका भिंतीला, पुढे चतुराबाई, खाली मान घालून.

"साहेब, मंगळवारी याच जागी मी साक्ष दिली की अक्षर हिचं आहे," विमलबाई म्हणाल्या. "ती साक्ष अर्धी होती. आज पुरी करते. एवढा कागद मात्र माझ्या हातात द्या."

राधाकिशनने धरण्याआधीच साहेबांनी तो देऊन टाकला.

"यातला 'चतुराबाई' हिचा आहे. 'कोळेकर' हिचा आहे. सगळं वाक्य हिचं आहे. मधलं 'गहिनीनाथ' तेवढं हिचं नाही."

"एका शब्दात हात जरा वेगळा पडला असेल," राधाकिशन म्हणाला.

"हात पडलाच नाही तिचा. राधाकिशनराव, तुम्ही आमच्या वर्गाचा फोटो काढलात, पण वर्गात एक दिवस बसला नाहीत. बसला असतात तर कळलं असतं. या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आणि जे तोंडाने घ्यायचं नाही, ते लिहायचंही नाही, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं. मी भांडून पाहिलं, चाललं नाही. मग तोड निघाली. बाईने जागा सोडायची, जोडीदारणीने तिथं नाव घालायचं. खरं का नाही, बायांनो?"

भिंतीपाशी माना हलल्या. गीताबाई पदराआडून म्हणाली, "खरं हाय. आमी न्हाई लिव्हत."

"हिचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली. अजून ती लिहीत नाही. मग तुमच्या बाकावर एकटी बसून तिने हे नाव कसं लिहिलं?"

राधाकिशनने रुमाल काढला. "आता आठवलं. नाव मीच..."

"काल मला सांगितलंत, मघाशी साहेबांना सांगितलंत, दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. आणि तुम्ही लिहिलेलंही नाही." विमलबाईंनी साखराबाईची वही साहेबांपुढे उघडली. "ही रेघ बघा आणि ही बघा. 'ग' टेकलेला नाही, 'थ' टेकलेला नाही. हे साखराबाईने लिहिलंय. हिच्या पाटीवर नाव तीच घालायची."

साहेबांनी चष्मा चढवला, दोन्ही कागद उजेडाला धरले आणि मान डोलावली. "मग या साखराबाईंना बोलवा."

"अण्णा, तुम्हीच सांगा ती कुठं आहे."

सुंदरराव चुळबुळले. तोडीला जाणारी टोळी त्यांच्याच चुलतभावाची होती. "ऊसतोडीला गेलीय," ते सावकाश म्हणाले. "कोल्हापूरकडं. दसरा झाला नी गेली. अजून आली न्हाई."

"दसऱ्यापासून जी बाई गावात नाही, तिने नऊ मार्चच्या कागदावर नाव घातलं," विमलबाई म्हणाल्या. "म्हणजे कागद दसऱ्याआधीचा आहे. माझ्या वर्गातला आहे. कोरा छापील कागद संस्थेने दिला, पाठ मी दिला. तारीख आणि शिक्का तेवढा मागून आला."

गोदामात चुळबूळ सुरू झाली. साहेबांनी हात वर केला. "वर्गातला कागद बाहेर कसा आला?"

"मी दिला," विमलबाई म्हणाल्या. "मला मिरवायचं होतं. माझ्या बायका पूर्ण वाक्य लिहितात, स्वल्पविरामासकट लिहितात, हे तालुक्याला दाखवायचं होतं. जानेवारीत चांगले चांगले बावीस कागद निवडून मी पाठवायला म्हणून सचिवांकडे दिले. दोन दिवस ते इथं होते. मग सटवाने पोचते केले. तालुक्याच्या पोचेवर एकवीस लिहून आलं. मला वाटलं, मोजण्यात माझीच चूक. ही पोच."

"बावीस कागदांतून नेमका हाच काढायचा, तर वाचता यायला हवं," साहेब म्हणाले.

"सटवाला वाचता येत नाही. अण्णांनी गठ्ठा पाहिलाही नाही."

आता सगळे राधाकिशनकडे बघत होते. त्याने घडी घातलेला रुमाल पुन्हा उलगडला.

"एकतीस मार्चला योजनेची मंजुरी रद्द होणार होती," तो म्हणाला. "पाणी कुठलं ते दाखवा, नाहीतर संस्था बंद. अकरा वर्षं नोकरी केली मी इथं. गठ्ठा बांधताना तो कागद वर आला. वाटलं, पाणी देते असं स्वतः लिहिलंच आहे बाईनं. खोटं काय आहे त्यात?"

सुंदरराव उठले. चतुराबाईकडे नजर गेली आणि ते बाहेर गेले.

विमलबाईंना तो पाठ आता लख्ख आठवला. 'आपण मन मोठं करून काय देतो' असा विषय होता. कुणी भाकरी लिहिली, कुणी लेकीला लुगडं. चतुराबाईने पाणी लिहिलं. कुणाला देते ते राहिलं, असं विमलबाईंनी टोकलं तेव्हा ती म्हणाली होती, "पान्याला आलेल्याला कोन रं तू, असं इचारत्यात व्हय, बाई?" ते ऐकून विमलबाईंना भरून आलं होतं आणि ती एवढीच जागा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोकळी सोडली होती.

६

साहेबांनी कागदावर आडवी रेघ मारली. "हा बाद. पण मला फायलीत काही तरी लागेल. चतुराबाईंनी आत्ता, माझ्यासमोर लिहून द्यावं की पाणी दिलेलं नाही. पूर्ण नावासकट, आणि अख्खं त्यांच्या हातचं. दोन हातांचा कागद मी पुन्हा घेणार नाही. तोंडी साक्ष उद्या कुणीही फिरवील."

भिंतीपाशी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बायकांना अडचण कळली होती. साहेबांना कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

"अंगठा चालेल का?" विमलबाईंनी विचारलं.

"लिहिता येतं हे आत्ताच सिद्ध केलंत, बाई. अंगठा कसा घेऊ?"

विमलबाई चतुराबाईजवळ गेल्या.  कडक बाई म्हणून गाव ज्यांना ओळखत होता, त्यांचे डोळे भरले होते. "तुझ्यावर आहे," एवढंच त्या म्हणाल्या. "नाही लिहिलंस तरी मी काही म्हणणार नाही."

चतुराबाईने उंबऱ्याबाहेर पाहिलं. बाहेर तिच्या मेंढ्या लिंबाच्या तोकड्या सावलीत एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या होत्या. मग ती पुढे आली, जमिनीवर बसली आणि तिने पेन मागून घेतलं.

'मी' लिहिलं. स्वल्पविराम दिला. 'चतुराबाई' लिहिलं. सवयीने बोटभर जागा सोडून पेन पुढे गेलं आणि थांबलं. तिने शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं.

पेन मागे आलं. ग. हि. नी. प्रत्येक अक्षराला ती थांबत होती. शेवटच्या 'थ'पाशी गीताबाईने तोंड फिरवलं. मग 'कोळेकर' लिहिलं, दाबून स्वल्पविराम दिला आणि तिथे टेकून तिने श्वास घेतला, शिकवला होता तसा. बाकीचं वाक्य तिने सरळ लिहून टाकलं. पाणी संस्थेला दिलेले नाही. इतरांना देते. पूर्णविराम.

साहेबांनी सही केली. सटवा आधीच विहिरीकडे इंजिन उतरवायला गेला होता.

बाहेर लिंबाखाली विमलबाई तिच्या मागे आल्या. पाटी आणि वही त्यांनी पिशवीतून आणली होती, पण पुढे करायचा धीर होईना.

"चतुराबाई, चुकलं माझं."

"तुमचं काय चुकलं? विहीर राह्यली." तिने काठी उचलली. मेंढ्या हलल्या. दोन पावलं जाऊन ती थांबली, मागे न बघता म्हणाली, "अठरा वर्सं संसार केला, बाई. कदी नावानं हाक मारली न्हाई त्याला. आज मारली, तर वळून बघाया मानूस न्हाई."

आणि ती मेंढ्या घेऊन पाण्याकडे गेली.